केसातलं लोणी

हुदादे लागला त्या सोमवारी
मेर्शा देबतेरानं नगारा भिंतीकडे तोंड करून ठेवला,
शिक्षा झालेल्या पोरासारखा.
आता पंचावन्न दिवस नुसत्या काठ्या.
दगडी फरशीवर ठक, थांबून ठक,
आणि म्हाताऱ्या गळ्यांतून घासत येणारी गीझ,
जी मला कळत नाही
आणि कळत नाही म्हणून कधी अडलंही नाही.

लास्ताच्या या कड्यावर
देवाचं घर आमच्यापेक्षा उंच.
चढताना गुडघे माझ्याआधी प्रार्थना म्हणतात.
दुपार कलेपर्यंत पाण्याचा घोट नाही,
मग इंजेरा, वर शिरो.
उद्याही शिरो.
मसूर शिजली तर सणच म्हणायचा.

नेमकी याच दिवसांत गाय व्याली.
तिला कोण सांगणार!
दूध वासराला, थोडं यिर्गाला,
तो सहा वर्षांचा, त्याच्यावर उपास अजून चढलेला नाही.
उरलेलं भोपळ्यात भरून मांडीवर हलवत बसले.
लोणी मडक्यात, मडक्यावर पान, पानावर दगड.
बोटभर केसांना लावलं.
केसांना उपास नसतो.

चौथ्या आठवड्यात उन्हात बसून जव निवडत होते.
डोक्यावरचं लोणी वितळलं.
एक थेंब कपाळावरून निघाला,
नाकाच्या कडेनं उतरला, ओठाशी येऊन थांबला.
जीभ आपोआप गेली.
मग दुसरा थेंब निघाला.
त्याची मात्र मी वाट पाहिली.

शुक्रवारी सगळं गाव दिवसभर वाकतं, उठतं, वाकतं.
कपाळाला माती, मातीला घाम.
वधस्तंभावर काळं कापड,
पोरंसुद्धा कुजबुजत नाहीत.
संध्याकाळी अब्बा गेरिमापुढे रांग,
त्यांच्या हातात ऑलिव्हची ओली डहाळी.
मी लोण्याचं सांगितलं.
बांधावरच्या अबोल्याचं नाही सांगितलं,
ते त्यांना माहीत आहे, सगळ्यांनाच माहीत आहे.
"पहिला थेंब उन्हाचा," अब्बा म्हणाले,
"दुसऱ्याचे एक्केचाळीस."
आणि ओठ घट्ट दाबून धरले.
त्या दिवशी हसू वर्ज्य असतं.

तिसानंतर माझी मोजणी चुकली,
म्हणून पुन्हा पंचविसापासून धरलं.
छत्तिसाव्याला उठताच येईना.
कोपराखाली एक हात आला,
जेम्बेरचा, माझ्या जावेचा.
सात वर्षांत एक शब्द नाही.
तेव्हाही नाही.
उभी केलं आणि पुढे बघत राहिली,
जणू वाटेतला दगड उचलून ठेवला होता.

शनिवारी कपाळाला हिरवं लव्हाळं बांधलं.
रात्रभर अंधार, मेणाचा वास,
काठीवर हनुवटी टेकून पेंगणारी माणसं.
मग आतून एक वात आली,
तिच्यावरून दुसरी, दुसरीवरून माझी,
आणि अब्बांचा बसका आवाज:
ख्रिस्त मेलेल्यांतून उठला!
मेर्शानं नगारा गळ्यात घेतला, हात उगारला.
भद्द.
थंडीनं कातडं सैल पडलेलं.
पोरं फिसकन हसली, मग बाया, मग मेर्शाही,
आणि त्या हसण्यातच दुसरा ठोका पडला,
तो कड्याखालच्या गावापर्यंत गेला असेल.

तीन वाजता घरी आले.
अंगणात आरवायला कोणी नव्हतं,
तो हंडीत होता, बारा तुकडे, बारा अंडी.
तेफेरा होता तेव्हा तोच वाढायचा:
हा पेत्राचा, हा योहानाचा,
यहूदाचा मान मांजराला.
आता बारा जणांचं मी एकटी काय करू?
एक तुकडा खाल्ला. पोट दचकलं.
सहा तुकडे मडक्यात घातले,
वर लोण्याचा गोळा ठेवला,
यिर्गाला म्हटलं, जा, तुझ्या आजीला दे,
कोणी दिलं ते सांगू नकोस.
जसं काही तिला माझा हात कळणार नाही.

उजाडताना मडकं परत आलं.
न धुता.
जेम्बेरचं हे जुनंच.
कडेला लाल रस्सा चिकटलेला, तळाशी लोण्याची रेघ.
दारात बसून मी बोट फिरवलं
आणि चाटलं.